सुभद्रेची एकमेव चढाई

नागपुरातल्या तांडापेठच्या महिला मंडळाचा कबड्डीचा संघ चांगला होता, पण त्यांची एक सवय कोणालाच कळत नसे. बाकीच्या सगळ्या बाद होऊन मैदानात एकटी सुभद्रा उरली, की बाहेर बसलेली कप्तान लतिका उठून हात वर करी आणि लोना देऊन टाकी. लोना देणं म्हणजे अख्खा संघ बाद झाला असं आपणहून कबूल करणं. समोरच्यांना आयते गुण मिळतात आणि आपल्या सगळ्याजणी पुन्हा आत येतात. दुसरे संघ हे अगदी नाइलाज झाला तरच करत. तांडापेठवाल्या मात्र जिंकत आलेला सामनासुद्धा असा हातचा घालवत.

"काहून देता वं लोना? एक चढाई मारून तं पाहा!" भुईमुगाच्या फल्ल्या सोलत बसलेली माणसं ओरडत.

"आमची पद्धत आहे," लतिका म्हणे आणि पुढे काही बोलत नसे.

पद्धत कसली, कारण साधं होतं. चढाईला जायचं तर 'कबड्डी, कबड्डी' असा दम घुमवावा लागतो, आणि तो पंचांना स्वच्छ ऐकू यावा लागतो. सुभद्रा मोठ्यानं कधी बोलतच नसे. जे काही बोलायचं ते कुजबुजून. नळावर, दुकानात, मैदानावर, सगळीकडे कुजबुज. विषमज्वरात पोरीचा घसा गेला, असं तिच्या आत्यानं गल्लीत सांगून ठेवलं होतं.

ही आत्या म्हणजे रंभाबाई. ठेंगणी, काळीसावळी, तोंडानं तिखट, मूलबाळ नसलेली विधवा. तांडापेठेत घरोघरी माग होते. मागावर आडव्या धाग्यासाठी ज्या लहान लहान कांड्या लागतात, त्या रहाटावर भरून देण्याचं काम ती करी. सुभद्रा तिच्याकडे कामठीहून आली ती एका पिशवीत दोन लुगडी घेऊन, आणि तीही तिच्या आईनं लपवून दिलेली. शेजारणींनी विचारलं, ही कोण? रंभाबाई म्हणाली, "माही भाची. मले पोरगी पाहिजेच होती. देवानं उशिरा देल्ली, पण वाढवून देल्ली. दुपटी धुवाची मेहनत वाचली."

बायका आंधळ्या नव्हत्या. सुभद्रेचे खांदे, तिची हनुवटी, भल्या पहाटे सगळ्यांच्या आधी आंघोळ उरकण्याची तिची घाई, हे सगळं त्यांना दिसत होतं. रंभाबाईच्या कामठीतल्या विणकर भावाला मुलगी नव्हती, मुलगाच होता, हेही एकदोघींना ठाऊक होतं. पण ती कोणाच्या वाटेला जात नव्हती, कोणाचं अडलं तर धावून येत होती, आणि रंभाबाईच्या तोंडाला लागण्याची कोणाची छाती नव्हती. डोळ्यांना दिसलेलं न दिसल्यासारखं करता येतं. कानावर पडलेलं न ऐकल्यासारखं करणं त्यापेक्षा अवघड. सुभद्रा कुजबुजत होती तोवर सगळ्यांचं निभत होतं.

लहानपणी ती अशी नव्हती. कामठीला वडिलांनी तिला मागावर बसवलं तर ती तिथून उठून आईजवळ जाई आणि बायकांच्यात बसून कांड्या भरी. भुलाबाईच्या दिवसांत मुलींच्या घोळक्यात शिरून गाणी म्हणे. तिचा आवाज इतका गोड होता, की मुलीच तिला बोलवायला येत. एका वर्षी गाणं म्हणता म्हणता तो आवाज मधेच फाटला. मुली हसल्या. तिनं पुन्हा सूर लावला, तो आणखी खाली गेला. कोणाची तरी आई म्हणाली, "आता पुरे झालं, पोट्टा मोठा झाला." तिच्या आईनं हाताला धरून तिला घरी आणलं. त्या दिवसापासून सुभद्रेनं आवाज मिटून घेतला. घरच्यांनी ठेवलेलं नाव तिनं तांडापेठेत कोणाला सांगितलं नाही. सुभद्रा हे नाव रंभाबाईनं दिलं, आणि तेच तिचं नाव.

कबड्डीत ती आली ती एका बकरीमुळे.

लतिका शहरातल्या महाल भागातली, कारकुनाच्या घरातली. मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची आणि संध्याकाळी तांडापेठेच्या मोकळ्या पटांगणात मंडळाच्या मुलींना खेळवायची. एकदा सराव चालू असताना एक बकरी कोणाची तरी ओढणी तोंडात धरून पटांगणातून सुसाट निघाली. मागून सातआठ मुली आरडाओरडा करत पळतायत आणि बकरी काही हाती लागत नाही. सुभद्रा ओट्यावर बसून खेळ बघत होती. बकरी समोरून जाताना ती नुसती एका गुडघ्यावर झुकली आणि तिनं बकरीचा मागचा पाय घोट्यात धरला. बकरी जागच्या जागी थांबली.

"उद्यापासून येत जा," लतिका म्हणाली.

सुभद्रेनं नकाराची मान हलवली. लतिका रोज बोलवू लागली, तेव्हा सुभद्रा एकदा तिला पटांगणाच्या मागच्या भिंतीआड घेऊन गेली आणि कुजबुजत म्हणाली, "मले चढाई करता नाही येणार. माहा आवाज..."

"ऐकव."

सुभद्रेनं एकच शब्द मोठ्यानं उच्चारला. लतिका ओढणी कमरेला आवळत म्हणाली, "पकडीला आवाज लागत नाही."

अशी सुभद्रा उजव्या कोपऱ्यावर उभी राहू लागली. सदरा, पायजमा आणि घट्ट अंबाडा. समोरची चढाई करत आत आली, की बचावाच्या मुली एकमेकींचे हात धरून साखळी करतात. सुभद्रेला ती साखळी फार आवडे. कामठीला मुलांच्या खेळात तिला कोणी घेतलं नव्हतं आणि मुलींनी घेऊन सोडून दिलं होतं. इथे धरलेला हात कोणी सोडत नव्हतं, उलट संकट आलं की तो आणखी घट्ट होई. दिवसभर रहाट फिरवताना ती संध्याकाळची वाट बघे, ती त्या हातासाठी.

पण कोपऱ्यावरची जागा रिकामी नव्हती. तिथे आधी कौशल्या खेळत असे. कौशल्या त्याच गल्लीतली, सुभद्रेहून दोनतीन वर्षांनी लहान, शाळेपासून कबड्डी खेळणारी, आणि राज्याच्या संघात जायचं हे एकच स्वप्न बाळगून असलेली. सुभद्रा आली आणि कौशल्या बाकावर बसली. एका संध्याकाळी सरावानंतर दोघी घरी निघाल्या असताना तिनं मनातलं बोलून टाकलं.

"तुह्या मनगटात जे हाये, ते मी कुठून आणू वं?"

"कांड्या भरून भरून झालं असंन," सुभद्रा कुजबुजली.

"कांड्या तं मीबी भरून राहिली लहानपणापासून. पाय माहं मनगट." कौशल्यानं हात पुढे केला. बारीक, बांगड्यांतून सहज फिरणारा. "आता तुहं पाय."

सुभद्रेनं हात पाठीमागे घेतला. त्यानंतर काही दिवस ती सरावाला गेली नाही. लतिका बोलवायला आली तेव्हा गेली. पण आपण कोणाच्या तरी जागेवर उभे आहोत, हे तिला त्या दिवसापासून टोचत राहिलं. एकदोन वेळा तिनं धरलेला पाय मुद्दाम सोडूनही दिला. बाकावरून कौशल्या कडाडली, "सोडू नको! मले भीक नको तुही."

सत्त्याहत्तर सालच्या हिवाळ्यात महालातल्या मैदानावर जिल्ह्याची महिला स्पर्धा झाली. तांडापेठचा संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचला. समोर खापा गावाचा संघ. त्यांची कप्तान नीला, मास्तरांची मुलगी, उंच, भरल्या खांद्यांची, वाऱ्यासारखी चढाई करणारी. विजेत्यांची पितळी ढाल ठेवलेल्या मेजाशी मुख्य पंच बाबाराव, जिल्हा कबड्डी संघटनेचे पदाधिकारी आणि राज्याच्या संघासाठी मुली निवडायला आलेले दोन पाहुणे बसले होते. रंभाबाई सकाळीच डबा बांधून दोरीजवळची जागा अडवून बसली होती.

सामना चुरशीचा झाला. सुभद्रेनं नीलाला दोनदा घोट्यात पकडलं. दुसऱ्या वेळी नीला उठताना तिच्या हाताकडे बघत राहिली. पण उत्तरार्धात नीलानं एकेक करून तांडापेठच्या सगळ्या टिपल्या. शेवटी लतिकाही बाद झाली, आणि मैदानात एकटी सुभद्रा उरली.

तांडापेठ दोन गुणांनी पुढे होती. वेळ संपत आली होती आणि शेवटची चढाई तांडापेठची होती. हिशेब सरळ होता. लतिकानं लोना दिला तर तीन गुण खाप्याला जाणार, सगळ्या पुन्हा आत येईपर्यंत वेळ संपणार आणि सामना हातचा जाणार. सुभद्रा चढाईला गेली, चढाईत ओलांडावीच लागते ती पलीकडची निदान रेषा ओलांडून जिवंत परत आली, की सामना त्यांचा. पण चढाईला जायचं म्हणजे दम घुमवत जायचं. आवाज नाही, तर चढाई नाही.

लतिका उठली. तिचा हात वर जायला लागला, तसा शेजारून कौशल्यानं तो धरला.

"नको देऊ वं. हरून जाऊ."

"तुला माहीत आहे मी का देते ते."

"माहीत हाये. साऱ्यांनाच माहीत हाये. पण तूच काहून ठरवते दर वेळी? तिले इचार ना."

लतिकानं सुभद्रेकडे पाहिलं. सुभद्रा आपल्या कोपऱ्यात उभी होती. दोन्ही हात जरा बाजूला, सवयीनं, जणू कोणी ते धरणार आहे. धरायला कोणी नव्हतं. बाद होऊन बसलेल्या साऱ्याजणी तिच्याकडे बघत होत्या, आणि कोणाच्याही नजरेत तगादा नव्हता. लोना द्यायला सगळ्या तयार होत्या. इतकी वर्षं त्या तो देत आल्या होत्या, आणि का देतो हे त्यांनी एकदाही तोंडानं म्हटलं नव्हतं. हेच सुभद्रेला त्या क्षणी सोसवलं नाही.

तिनं लतिकाला मान हलवून नको म्हटलं.

मध्यरेषेशी जाऊन ती वाकली. मातीला हात लावून कपाळाला लावला. मग छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

भिंतीआडचा तो एक शब्द सोडला, तर इतक्या वर्षांत तिनं स्वतःचा आवाज ऐकला नव्हता. आता तो ऐकून तीच चमकली. तो तिच्या वडिलांचा आवाज होता. मागाच्या खडखडाटावर चढून घरभर ऐकू जाणारा, जाड, घुमणारा. मैदान एकदम चिडीचूप झालं. मग दोरीपलीकडून कोणी तरी ओरडलं, "अबे, हा तं पोट्टा हाये बे!" आणि हशा पिकला.

सुभद्रेनं दम सोडला नाही. खाप्याच्या मुली साखळी धरून उभ्या होत्या, पण त्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या. नीलासुद्धा अर्धा श्वास थबकली. तेवढ्यात सुभद्रेचा पाय निदान रेषेपलीकडे पडला. नीला भानावर येऊन झेपावली, तिची बोटं सुभद्रेच्या सदऱ्याला लागली आणि निसटली. सुभद्रा मध्यरेषा ओलांडून परत आली, तरी तिच्या तोंडून 'कबड्डी, कबड्डी' चालूच होतं. शिट्टी झाली तेव्हा ती थांबली.

तांडापेठ जिंकली होती. टाळी मात्र एकीच्याच हाताची वाजली, रंभाबाईच्या.

नीला सरळ मेजाशी गेली. धापा टाकत होती, पण बोलली शांतपणे. "पंच, आमचा आक्षेप आहे. मी हिला वाईट म्हणत नाही. पण मी रोज पहाटे उठून पळते, खाप्याला नदीच्या वाळूत पळते. आज माझा पाय हिच्या हातात गेला तो सुटलाच नाही. पोरींशी खेळायचं म्हणून मी तयारी केली. हिच्याशी खेळायची तयारी मी कुठून करू?"

बाबारावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. पदाधिकाऱ्यांची कुजबुज झाली. त्यांच्यातला एक घसा खाकरून म्हणाला, "मागं तंबू आहे. दोन पोक्त बायकांनी हिला आत नेऊन पाहून घ्यावं, म्हणजे वादच मिटला."

दोरी ओलांडून रंभाबाई केव्हा आत आली ते कळलंच नाही. "कोण पाहते? तू? आधी तुही बायको आण तंबूत, मंग तुही बहीण आण. त्यांचं पाहणं झालं का मंग माह्या पोरीचा नंबर!"

"बाई, तुम्ही बाहेर व्हा."

"मी बाहेरच हाये. आत तं तूच घालून राहिला लोकाच्या पोरींना!"

पुन्हा हशा झाला, पण या वेळी पदाधिकाऱ्यावर. बाबारावांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. सुभद्रा मैदानाच्या मधोमध तशीच उभी होती. तिच्या आजूबाजूला वावभर जागा मोकळी पडली होती. तांडापेठच्या मुली दोरीशी घुटमळत होत्या. लतिका पुढे होणार, एवढ्यात कौशल्याच बोलली.

"मी बोलू का, साहेब? हिच्यापायी मी बाकावर बसली, म्हणून म्हणते. हिनं आमच्यासंगं खेळाव का, हे मले इचाराल तं मी म्हणीन, नाही. हिच्या मनगटापुढं माहं चालत नाही, अन् तो माहा आळस नाही. हे मी हिच्या तोंडावर बोलली हाये, आज नवं नाही." मग ती पदाधिकाऱ्याकडे वळली. "पण तंबूत हिले कोणी नेणार नाही. माही माय बाळंत झाली तवा मोरीत पाणी घालाले हीच होती. आमच्या घरातल्या साऱ्या बायका होत्या, अन् कोणाले लाज नाही वाटली. खेळाचं काय ते खेळात ठरवा तुम्ही. हे बाकीचं तुमच्या मेजावरचं काम नव्हे."

निवड करायला आलेल्या पाहुण्यांतला एक म्हातारा खाली बघत पेन्सिल फिरवत होता. तो हळूच म्हणाला, "पोरगी दोन वेगवेगळे प्रश्न करून राहिली, बाबाराव. आपण एकच समजत होतो."

मग सुभद्रा मेजाशी आली. आता कुजबुजण्यात अर्थ नव्हता. ती आपल्या त्या जाड आवाजातच बोलली, आणि पहिली वाक्यं फार मोठी निघाली, कारण आवाज किती सोडायचा याचा तिला अंदाजच नव्हता.

"कौशल्या खरं बोलून राहिली. ही खाप्याची पोरगीबी खरं बोलून राहिली. मी उद्यापासून नाही खेळत. पण तंबूत मी येत नाही. ढाल कोणाले द्याची ते तुमचं तुम्ही पाहा."

एवढं बोलून ती वळली. दोरीशी पोचली तेव्हा तिचे हात नेहमीसारखे बाजूला होते. एक हात लतिकानं धरला. दुसरा कौशल्यानं धरला, जरा चिडूनच, आणि म्हणाली, "चाल. अन् एवढ्या जोरानं नको बोलू, कान फुटले माहे."

ढाल त्या वर्षी कोणालाच दिली नाही. ती पदाधिकाऱ्यांच्या कपाटात राहिली. तिच्यावर वर्षवार संघांची नावं कोरलेली आहेत. त्या वर्षाच्या जागी नुसतं कोरं पितळ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभद्रा रहाटाशी बसली, पण हात चालेना. रात्री तिला झोप लागली नव्हती. आता बायका काय म्हणतील, नळावर जायचं की नाही, इथून जावं लागलं तर कुठे जायचं. कामठीचं दार तर केव्हाच बंद झालेलं. दाराबाहेर भाजीवाल्याची गाडी गेल्याचा आवाज आला. रंभाबाई चुलीपाशी होती.

"जा वं, त्याले हाक मार. वांगे घ्याचे हायेत."

सुभद्रा उठून दाराशी गेली आणि सवयीनं कुजबुजली, "भाऊ..." गाडी पुढे निघाली.

"असा थांबन का तो?" रंभाबाई आतून ओरडली. "इतकी वर्षं तुह्या वाटचं मी ओरडून राहिली. काल साऱ्या नागपुरानं ऐकलं, आता त्या भाजीवाल्यानं काहून नाही ऐकाव? माहा घसा बसला. मार हाक!"

सुभद्रेनं हाक मारली. गाडी जागच्या जागी थांबली. समोरच्या घरातलं पाळण्यातलं बाळ दचकून रडायला लागलं आणि त्याची आई दाराशी येऊन बघायला लागली.

"वांगे ताजे असन तं मलेबी घेजो पावभर," ती बाई म्हणाली, आणि बाळाला थोपटायला आत गेली.

सगळंच असं सोपं गेलं नाही. दोन घरांनी रंभाबाईकडे कांड्या भरायला देणं बंद केलं. गल्लीच्या टोकाशी उभी राहणारी पोरं काही दिवस सुभद्रा दिसली की 'कबड्डी, कबड्डी' करत. मग त्यांनाही कंटाळा आला. ती स्वतः पुन्हा कुठल्याही स्पर्धेत उतरली नाही. पहिले काही महिने संध्याकाळ झाली की ती दार लावून बसे. मग एक दिवस कौशल्यानं दार ठोठावलं.

"माहं मनगट तं आता बदलणार नाही. पण तू समोरचीच्या पायाकडं केव्हा पाहते, ते सांग. बकरी काई मनगटानं नव्हती धरली तू."

सुभद्रा तिला पाय कसा हेरायचा ते दाखवायला पटांगणात गेली, आणि मग रोज जाऊ लागली. सामन्यात नाही, सरावात. तिथे ती उजव्या कोपऱ्यावर कौशल्याच्या शेजारी उभी राही आणि साखळी धरी.

पुढच्या वर्षी पदाधिकाऱ्यांनी नियम केला, की प्रत्येक मुलीनं आपण मुलगीच असल्याचं डॉक्टरकडून तपासून घेऊन तसा दाखला आणावा. नियम एकीसाठी झाला आणि पडला साऱ्यांवर. कितीतरी घरांतल्या बापांनी सांगितलं, असला खेळ नको. दोन गावांचे संघच आले नाहीत. कौशल्याला तिच्या आईनं स्वतः नेऊन दाखला आणून दिला, आणि ती राज्याच्या संघात राखीव म्हणून निवडली गेली. ती बातमी तिनं आधी सुभद्रेला सांगितली. सुभद्रेनं तिला उचलून गरकन फिरवलं, मग एकदम खाली ठेवून म्हणाली, "मनगटाचं काई बोलू नको आज."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एके दुपारी रंभाबाईच्या दारात नीला उभी राहिली. खाप्याहून आईबरोबर इतवारीच्या पेठेत सूत न्यायला आली होती. आई बाजारात थांबली होती आणि ही विचारत विचारत तांडापेठेत पोचली होती. सुभद्रेनं तिला पाटावर बसवलं, पाणी दिलं. रंभाबाई मुद्दाम कांड्यांची टोपली घेऊन परसात गेली.

"मला दाखला नाही मिळाला," नीला म्हणाली. "म्हणजे मिळाला, पण तीनदा बोलावलं. माझे खांदे, माझ्या ओठावरची लव... दुसऱ्या संघानं संशय म्हणून नाव दिलं माझं. डॉक्टरांच्या दारात बाकावर बसवून ठेवलं होतं, येणारे जाणारे बघत होते. बाबा म्हणाले, आता पुरे. लग्न ठरवून राहिले."

सुभद्रेनं तिच्या फुलपात्रात आणखी पाणी ओतलं.

"त्या दिवशी मी खोटं बोलले नव्हते," नीला म्हणाली.

"नाही. खोटं नव्हती बोलली तू."

"आजही मी तेच म्हणेन."

"म्हणजो."

"पण त्या बाकावर बसले होते ना, तेव्हा तुझी आठवण झाली. तुझी त्या दिवशी मैदानात... मधोमध." तिनं फुलपात्र उगाच पाटावर फिरवलं.

"तूबी चांगली धरली होती मले," सुभद्रा म्हणाली. "सदरा थोडा ढगळ असता तं गेलीच होती मी."

नीला हसली. हसता हसता तिचे डोळे भरले, ते तिनं खांद्याला पुसले. मग दोघी कबड्डीचं बोलत बसल्या. चढाई कधी तोडायची, कोपऱ्यावरची मुलगी कुठला पाय पुढे टाकते, कोण खोटी झेप घेते. चहा झाला. खाप्याकडे जाणाऱ्या बसची वेळ झाली तशी नीला घाईनं उठली.

"रिक्षा मिळेल ना इथे?"

सुभद्रा तिच्याबरोबर ओट्यावर आली. गल्लीच्या पार टोकाला लहानूची सायकलरिक्षा वळताना दिसत होती. सुभद्रेनं तोंडाशी हात धरला आणि हाक दिली, "लहानू! रिक्षा आण गा, पाहुणी जाऊन राहिली!"

आवाज गल्लीभर घुमला. समोरच्या ओट्यावर बायका तांदूळ निवडत होत्या, एक म्हातारा खाटेवर पेंगत होता, दोन पोरं गोट्या खेळत होती. नीलानं चटकन चोहीकडे पाहिलं.

कोणीही मान वर केली नव्हती. लहानू मात्र रिक्षा वळवून येत होता.